मोगरा की जुई? उन्हाळ्यासाठी अत्तर घ्यायचंय, मदत हवी आहे

एप्रिल लागला की माझा नेहमीचा स्प्रे घामात अर्ध्या तासात उडून जातो, म्हणून यंदा अत्तरावर आले आहे. मोहम्मद अली रोडवरून मोगरा आणि जुई, दोन्हींच्या छोट्या कुप्या नमुन्याला आणल्या. दुकानात फाया हुंगताना दोन्ही इतकी सारखी वाटली की फरक काय ते विचारलं. काका म्हणाले, "घरी जाऊन लावा, कळेल."

कळला, पण निवड होईना. आठवडाभर डाव्या मनगटावर मोगरा, उजव्यावर जुई लावून डोंबिवली-सीएसएमटी केलं. मोगरा घाटकोपरपर्यंत अगदी ताज्या गजऱ्यासारखा. दुपारी डबा खाताना मात्र गोड, जड होतो; खरं सांगायचं तर निर्माल्य आठवतं. जुई सुरुवातीपासून हिरवट, देठासकट फूल चुरगळल्यासारखी. पण अकरा वाजले की मला वास येणंच बंद! आणि चार वाजता मैत्रीण विचारते, "काय लावलंयस गं?"

शेजारच्या टेबलावरच्या ताईंना उग्र वासाने अर्धशिशी उठते, तेही बघायचंय. शिवाय सहा मिलीला मोगरा चारशे, जुई साडेसहाशे. दोन्ही "चंदनाच्या तेलातली" आहेत म्हणे. मग वरचे अडीचशे कशाचे? (दोन्ही घे असं सांगू नका, नवरा कपाट बघून आधीच सुस्कारे टाकतो.)

प्रतिसाद १
या भावात चंदनतेल विसरा. उत्तर प्रदेशातलं अत्तराचं गाव कनौज, तिथल्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात उतरते, आणि त्यात आधीच चंदनतेल असतं. चंदन महागल्यापासून त्या जागी बरेचदा लिक्विड पॅराफिन, म्हणजे बिनवासाचं खनिज तेल असतं. तुमची दोन्ही त्यातलीच असावीत, नाहीतर सरळ कृत्रिम. तेव्हा अडीचशेचा हिशेब सोडा. जुई उडत नाहीये, तुमचं नाक तिला सरावतंय. मैत्रिणीला चारला वास आला, यातच उत्तर आलं. निर्माल्याचं म्हणाल तर मोगऱ्याच्या खऱ्या फुलातही इंडोल नावाचं रसायन असतं. किंचित असलं की फूल जिवंत वाटतं, जास्त झालं की कुबट.

प्रतिसाद २
मी मोगरावाली. पण मोगरा संध्याकाळी, आंघोळ करून, कानामागे अर्धा थेंब. गर्दीच्या लोकलमध्ये दुसऱ्यांवर अन्याय होतो. पांढऱ्या कुर्त्याला कुठलंच लावू नका, तेलाचा डाग पडतो. आणि अहो, त्या अर्धशिशीवाल्या ताईंनाच विचारा की!

धागाकर्ती
काल ऑफिस सुटताना विचारलं. मोगऱ्याचा फाया त्यांनी हातभर लांब धरला. जुईचा हुंगला, पुन्हा हुंगला, ओढणीच्या टोकाला बांधला आणि "उद्या सांगते" म्हणून गेल्या. आज काही बोलल्या नाहीत. फायाही परत आलेला नाही. शनिवारी जुई आणायला जातेय.