मदत हवी आहे: पेडॉट-पीएसएसचा थर मिठाच्या पाण्यात सुटतोय

नमस्कार मंडळी. हृदयाचे विद्युत संकेत त्वचेवर जेमतेम १ मिलिव्होल्ट भरतात, मेंदूचे तर मायक्रोव्होल्टमध्येच. लांब तारेत गोंगाट मिसळण्याआधी, इलेक्ट्रोडपाशीच ते वाढवावेत म्हणून पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचा इलेक्ट्रोकेमिकल ट्रान्झिस्टर करून पाहतोय. गेटला, म्हणजे मिठाच्या द्रावणात बुडवलेल्या नियंत्रक इलेक्ट्रोडला, धन व्होल्टेज दिलं की द्रावणातले आयन पॉलिमरच्या थराच्या पृष्ठभागावर न थांबता आत शिरतात आणि ड्रेनचा, म्हणजे थरातून वाहणारा, प्रवाह घटतो. आख्खा थर कामाला लागतो, म्हणून इवल्याशा व्होल्टेजलाही प्रवाह भरपूर बदलतो. कल्पना मला फारच आवडली, पण थर काही ऐकत नाही!

वाहकता वाढावी म्हणून इथिलीन ग्लायकॉल घातलंय. तरी खारट द्रावणात थर फुगतो आणि तासाभरात काचेवरून सुटू लागतो. जीओपीएस (थर आतून जोडून काचेला चिकटवणारं सिलेन रसायन) घातलं तर घट्ट बसतो, पण वाहकता घसरते. त्याचं प्रमाण किती ठेवता? काच आधी प्लाझ्माने (आयनीभूत वायूने) साफ करता का? शिवाय गेट चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा असूनही प्रवाहाचं मूल्य हळूहळू सरकत जातं. व्होल्टेज मी ०.५ च्या वर नेत नाही, त्यामुळे पाण्याचं विघटन हे कारण वाटत नाही. कुणी हे हाताने केलंय का?