फिशरचं मलम लावलं की डोकं ठणकतं, काय करावं?

नमस्कार मंडळी. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर अशी म्हण आहे. मला तर जावईही नाही, म्हणून इथे विचारतोय.

वय ४४, दिवसभर खुर्चीत बसून काम. दोन महिने संडासला गेलं की काच कापल्यासारखं व्हायचं, भांड्यात लालभडक थेंब, पुढे तासभर आग. मूळव्याध समजून दुकानातून ट्यूब आणून लावत बसलो. शेवटी सर्जनना दाखवलं तर फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, निघालं. इसबगोल, कोमट पाण्याच्या टबात बसणं आणि नायट्रोग्लिसरीन ०.२ टक्के मलम दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे. आतला स्नायू आवळून बसतो म्हणून चिरेला रक्त पोचत नाही, मलमाने तो सैलावतो, असं त्यांनी चित्र काढून सांगितलं.

आज बारावा दिवस. दुखणं निम्म्यावर आलंय, खोटं कशाला बोलू. पण मलम लावलं की दहा मिनिटांत कानशिलं उडायला लागतात. काल उठताना भोवळ आली, बेसिन धरून उभा राहिलो. बायकोला वाटतंय ऑफिसचं टेन्शन. चार दिवस सकाळचं लावणं टाळतोय. केमिस्ट म्हणतो, डिल्टियाझेमचं घ्या, त्याने डोकं कमी दुखतं. घेऊ का? बीपीची गोळी चालू आहे.

प्रतिसाद :
दादा, बीपीची गोळी चालू असताना भोवळ आली, हे आधी सर्जनना फोन करून सांगा. मलम केमिस्टच्या सांगण्यावरून बदलू नका. हृदयाचे पेशंट जिभेखाली गोळी ठेवतात ना, तेच औषध तुमच्या या मलमात आहे. मलाही पुढे डॉक्टरांनीच डिल्टियाझेम २ टक्के दिलं. डोकेदुखी थांबली, पण तिसऱ्या आठवड्यात खाज सुटली.

लावताय किती? मी टूथपेस्टसारखी पट्टी काढायचो, सांगितलं होतं वाटाण्याएवढं. आणि बोटाला ग्लोव्ह घाला, बोटातूनही औषध भिनतं. लावून थोडा वेळ आडवे पडा. सिल्डेनाफिलच्या (व्हायग्राच्या) जातीची गोळी घेत असाल तर लाजू नका, सांगाच. दोन्ही मिळून बीपी धोकादायक खाली जातं. बरं वाटलं म्हणून इसबगोल सोडू नका. मी सोडलं, एकदाच कडक झाली आणि चीर पुन्हा उघडली.

धागाकर्ता :
ग्लोव्ह? मी रोज उघड्या बोटाने लावतोय, तेही पेरभर! आत्ताच सर्जनना फोन लावतो.