‘उसकी रोटी’: घडलेलं कुठलं आणि बालोच्या मनातलं कुठलं?

तासगावची लेक
गेल्या रविवारी सांगलीत एका छोट्या महोत्सवात दिग्दर्शक मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ (१९६९) हा सिनेमा पाहिला. निम्मी माणसं मध्येच उठून गेली. मला उठवेना.

गोष्ट एवढीशी. पंजाबातली बालो, नवरा सुच्चासिंग बसड्रायव्हर. ती रोटी घेऊन थांब्यावर उभी राहते. एक दिवस तिला उशीर होतो, तो रागानं रोटी न घेताच गाडी काढतो आणि ती तिथंच थांबून राहते.

अकरावी-बारावीला मी सांगलीत खोली घेऊन राहायचे. आई सकाळच्या यष्टीत डबा द्यायची, झाकणावर ऑइल पेंटनं माझं नाव. गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत फाट्यावर उभी. तिथं ती काय विचार करत असेल, मी कधी विचारलं नाही. आता आई नाही.

म्हणून मनापासून विचारते. मध्येच एखादं दृश्य येतं, ते घडतंय की तिला तसं वाटतंय, ओळखायचं कसं? आणि सगळे इतक्या सपाट आवाजात का बोलतात?

कृष्णाकाठ
ताई, खूण आहे. कौल आणि कॅमेरामन के. के. महाजन यांनी २८ आणि १३५ मिमी अशा दोन लेन्स वापरल्या. २८नं रुंद दिसतं, जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट. १३५नं हात नाहीतर चेहरा तेवढा स्पष्ट, मागचं धूसर. आधी पहिली बाहेरच्या जगाला, दुसरी बालोच्या मनाला. पुढं ही वाटणी त्यांनी जाणूनबुजून मोडली. तुमचा गोंधळ झाला तो तिथंच. वाट बघून बघून बालोचंही तसंच होत असणार.

हळदपेठ
मला हा सिनेमा सोसला नाही. बालोला उशीर का झाला? तिच्या धाकट्या बहिणीवर, जिंदावर, गावातल्या माणसानं हात टाकला म्हणून. एवढी मोठी गोष्ट, आणि तीही त्याच थंड सुरात! मोहन राकेश यांची मूळ हिंदी कथा जरूर वाचा. तिथं बालोची भीती थेट पोचते.

मिरजेचा तारवाला
आवाजाबद्दल सांगतो. आमच्या घरात तंबोऱ्याचं काम चालतं. जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, लावताना तारेखाली दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, परत सरकवायचा. बाहेरच्या माणसाला दिवसभर एकच सूर ऐकू येतो, आम्हाला दर खेपेला वेगळा. कौल पुढं ध्रुपद संगीत शिकले, ‘ध्रुपद’ नावाचा माहितीपटही केला. नटानं आवाज चढवला की आपण त्याच्या रागालोभामागं जातो. सपाट ठेवला की शब्दांमधली शांतता ऐकू येते. हळदपेठ, तुमचं दुखणं मात्र खरं आहे. जिंदाचा प्रसंग मलाही बोचतो.

तासगावची लेक
सगळ्यांचे आभार. कथा मागवलीय. लेन्सचं वाचल्यावर काल मामीला फोन केला, आई फाट्यावर नेमकी कुठं थांबायची म्हणून विचारलं. मला कायम ती चिंचेखाली दिसते. मामी म्हणाली, ‘छे गं, उन्हात. सावलीतलं माणूस ड्रायव्हरला दिसत नाही म्हणायची.’