पोर्तो रिको: लाईट गेली तर तक्रार करायची कुणाकडे?

एकलहरेकर (नाशिक रोड)

नमस्कार मंडळी. मी एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात 32 वर्षं शिफ्ट ड्युटी करून निवृत्त झालोय. जावई औषध कंपनीत आहे. आधी न्यू जर्सीला होता, दोन वर्षांपूर्वी त्याची बदली पोर्तो रिकोला झाली. मला वाटलं, अमेरिकेतलंच एखादं राज्य असेल. डॉलर तेच, पोस्ट तेच, पासपोर्टही तोच. पण ते राज्य नाही, कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट आहे.

आमच्या संध्याकाळी साडेसातला तिकडे सकाळचे दहा वाजतात, तेव्हा मुलीचा व्हिडिओ कॉल येतो. आठवड्यातून एकदा तरी मध्येच तुटतो आणि मग मेसेज येतो, "बाबा, लाईट गेली." तिच्या शेजारच्या आजी स्पॅनिशमध्ये अगदी हेच म्हणतात, "से फुए ला लूस." शब्दशः लाईट गेली! 31 डिसेंबर 2024 ला पहाटे जवळपास सगळं बेट अंधारात गेलं, आणि साडेतीन महिन्यांनी, ऐन ईस्टरच्या आठवड्यात, पुन्हा तेच.

आता माझा जन्म गेला या धंद्यात. मी विचारलं, जबाबदार कोण? तर वीजनिर्मिती एका खासगी कंपनीकडे, वाहिन्या दुसरीकडे, मालकी सरकारी मंडळाची, आणि ते मंडळ 2017 पासून दिवाळखोरीत. सगळ्यांच्या डोक्यावर वॉशिंग्टनने 2016 च्या कायद्याने नेमलेलं, बेटाच्या जमाखर्चावर नजर ठेवणारं एक वित्तीय मंडळ. लोक त्याला 'ला हुन्ता' म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत. मी म्हटलं, मग खासदाराला धरा की! तर 32 लाख लोकांना मिळून खासदार एक, आणि सभागृहात कायद्यावर अंतिम मतदान असतं तेव्हा त्याला मतच नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही मत नाही. बरं, हे सगळे 1917 पासून अमेरिकेचे नागरिक.

आम्ही नाशिककर. अनंत कान्हेऱ्यांनी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, ती गोष्ट ऐकत वाढलो. माझा प्रश्न साधा आहे. असं असताना 2024 च्या सार्वमतात स्वातंत्र्याला जेमतेम 12 टक्के मतं कशी? राज्य व्हायचंय म्हणणारे 58 टक्के! मला हे पचत नाही. कुणी उकलून सांगेल का?

खारी_बिस्कीट

काका, कान्हेरे तिकडेही झाले. 1 नोव्हेंबर 1950 ला दोन पोर्तोरिकन राष्ट्रवादी पिस्तुलं घेऊन थेट राष्ट्राध्यक्ष ट्रुमनच्या दारात गेले होते. 1954 मध्ये लोलिता लेब्रोन ही राष्ट्रवादी बाई आणि तिचे साथीदार अमेरिकन संसदेच्या गॅलरीत चढले आणि गोळ्या झाडल्या, पाच खासदार जखमी झाले. त्याआधी 1937 मध्ये पोन्से गावात पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला होता. 1948 ते 1957 तर असा कायदा होता, की स्वातंत्र्याची भाषा केली किंवा नुसता आपला झेंडा लावला तरी दहा वर्षांपर्यंत तुरुंग. एवढी वर्षं धाक राहिला की घराघरात 'त्या भानगडीत पडू नको' सुरू होतं. आपल्याकडेही झालंच होतं की.

अजून एक, माझ्या आवडीचं. 1898 च्या युद्धात बेट स्पेनकडून अमेरिकेकडे आलं, पण आलं ते नेमकं काय म्हणून? हा प्रश्न 1901 मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेल्या संत्र्यांवरून सुटला. संत्री परदेशी असतील तर जकात लागणार, देशातली असतील तर नाही. कोर्टाने जकात ठेवली. एका न्यायमूर्तींनी लिहिलं, बेट 'घरगुती अर्थाने परकं' आहे. तो निकाल अजून रद्द झालेला नाही. सासूच्या घरात राहायचं, पण किल्ली मागायची नाही, असा प्रकार.

अंबड_क्यूए

एकलहरेकर काका, तुमचे जावई तिथे का आहेत, यातच अर्धं उत्तर आहे. मी अंबडला औषधाच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे, आमच्या धंद्यात पोर्तो रिको म्हणजे पंढरी. 1976 साली अमेरिकेने कलम 936 आणलं: बेटावर कमावलेल्या नफ्यावर अमेरिकन कंपन्यांना केंद्राचा कर जवळजवळ माफ. रांगेने कारखाने उभे राहिले. 1996 मध्ये ही सवलत काढायचं ठरलं, 2006 ला पूर्ण संपली. त्यानंतर बेट कर्ज काढत गेलं आणि 70 अब्ज डॉलरच्या वर पोचलं. सवलत दिली वॉशिंग्टनने, काढली वॉशिंग्टनने. बेटाची सही कुठेच नाही.

प्लांट मात्र बरेच टिकले. 2017 ला मारिया वादळ आलं आणि अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत सलाईनच्या पिशव्यांचा तुटवडा पडला, तेव्हा कळलं त्या कुठे बनतात.

स्वातंत्र्य का नको? पासपोर्ट. कंटाळा आला तर माणूस तिकीट काढून फ्लोरिडाला जातो, तिथे राहायला लागला की राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकतो. तोच माणूस, फक्त पत्ता वेगळा. 2010 ते 2020 मध्ये लोकसंख्या 37 लाखांवरून 33 लाखांवर आली. ज्यांनी भांडायचं, तेच विमानात बसतात.

म्हापसेकर

गोंयकाराचे दोन शब्द. आमच्याकडे जनमत कौल झाला 16 जानेवारी 1967 ला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं राहणार. पानं 34 हजार मतांनी जिंकली. (नाशिककरांनी राग मानू नये, आमच्या आजोबांनी फुलालाच दिलं होतं.) पोर्तो रिकोचं पहिलं सार्वमत त्याच वर्षी जुलैत. तिथेही 'आहे तसं राहू दे' जिंकलं, 60 टक्क्यांनी.

फरक पुढे आहे. आमचा प्रश्न एका दिवसात मिटला आणि 1987 ला राज्य झालं. त्यांनी ते पहिलं धरून सात वेळा मतदान केलंय. 1998 ला तर 'वरीलपैकी काहीही नाही' हा पर्याय 50 टक्क्यांवर मतं घेऊन पहिला आला! 2017 ला राज्याला 97 टक्के, पण विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि मतदान झालं 23 टक्के. मतपत्रिकेवर काय छापायचं, यावरच दर वेळी भांडण. आणि काहीही आलं तरी शेवटी ठरवणार अमेरिकन संसद, तिला हा निकाल बंधनकारक नाही.

एकलहरेकर (नाशिक रोड)

सगळ्यांचे आभार. म्हापसेकर, रागाचं काय घेऊन बसलात, मडगावला आमची व्याही मंडळी आहेत. पण एक आहे. तुमचा कौल दिल्लीने मानला, कारण तो घेतला दिल्लीनेच, आणि लोकसभेत तुमचे दोन खासदार हात वर करू शकत होते. इथे विचारणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा. आमच्याकडे ट्रिपिंग झालं की लॉगबुकात वेळ आणि शिफ्ट इंचार्जची सही लागायची. या बेटाचं लॉगबुकच दुसऱ्याच्या ऑफिसात आहे.

अंबडच्या ताईंचं पासपोर्टचं मला पटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं लागलंही. काल शेजारच्या आजींना मुलीकरवी विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांचा एक मुलगा ओरलँडोला, दुसरा शिकागोला. म्हणाल्या, मन स्वतंत्र व्हा म्हणतं, पण पेन्शन नको म्हणते. 2024 ला गव्हर्नरपदाला त्यांनी स्वातंत्र्यवादी दाल्माउला मत दिलं होतं. तो दुसरा आला. आणि त्याच दिवशी सार्वमताच्या चिठ्ठीवर राज्याला! मी दोनदा विचारून घेतलं, ऐकण्यात चूक नव्हती. मला ती बाई वेडी वाटत नाही.

नात तिथेच जन्मली, मार्चमध्ये. जन्मापासून अमेरिकन नागरिक. मुलगी म्हणते, ती शाळेत जायच्या आत न्यू जर्सीला परत जाऊ. म्हणजे आम्हीही विमानातच बसणार.

जाता जाता: तिथला सणाचा भात तुरीच्या ओल्या दाण्यांचा असतो, 'गांदुलेस' म्हणतात. फोटो बघून सौभाग्यवती म्हणाल्या, यात आपला काळा मसाला घालून बघायला हवा. अर्धा किलो पार्सल करायचा आहे. नाशिकहून सान हुआनला (बेटाची राजधानी) मसाला पाठवलाय का कुणी? कस्टमवाले त्याला अमेरिका समजतात की वेगळं काही?