कचरा डेपोखालच्या विहिरीचं पाणी: ५० मीटरच्या नियमाबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं शेत नगरपालिकेच्या कचरा डेपोच्या उताराला आहे. डेपोच्या कुंपणापासून विहीर साधारण दोनशे पावलांवर. गेल्या पावसाळ्यापासून पाणी कोऱ्या चहासारखं दिसतंय. बादली वर काढली की कडेला फेस धरतो, म्हशी तोंड लावून मान फिरवतात. प्यायला गावातून आणतो, पण जनावरं आणि भाजीपाला याच विहिरीवर आहे.

तपासणीसाठी अर्ज दिला, तर तोंडी उत्तर मिळालं: "नियम ५० मीटरपर्यंतचाच आहे, तुमची विहीर त्यात बसत नाही."

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ची (१ एप्रिल २०२६पासून त्यांच्या जागी २०२६चे नियम आले) अनुसूची १ मी दोनदा वाचली. हद्दीपासून ५० मीटरच्या आत उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर भूजल तपासायचं, हे खरं. पण डेपोच्या जागेतलं आणि आजूबाजूचं भूजल पिण्याला किंवा शेतीला वापरण्याआधी त्याची गुणवत्ता बघायची, असंही तिथेच आहे. तिथे मीटरचं बंधन मला दिसलं नाही. माझं वाचन चुकतंय का?

दुसरा पेच जुन्या नोंदीचा. कचऱ्याचा भराव सुरू करण्याआधी भूजलाची नोंद करून ठेवायची असते. आमचा डेपो माझ्या लहानपणापासूनचा, तेव्हाची नोंद मागितली तर कोणाकडेच नाही. म्हणून तुलनेसाठी चढावरच्या काकांच्या विहिरीतूनही त्याच दिवशी नमुना घ्यायचा विचार आहे. नुसतं नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर आलं तर खताकडे बोट दाखवतील. त्यामुळे क्लोराइड (मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम), विरघळलेले क्षार (५००), शिसं, कॅडमियम हे अनुसूचीतले घटक आणि त्याबरोबर अमोनिया, सीओडीही (पाण्यातली घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो याचं रासायनिक माप) तपासून घेणार आहे.

पण खाली काळा पाषाण आहे. पाणी भेगांतून वाट काढतं, जमिनीचा चढ तोच पाण्याचा चढ असेल असं नाही. दोन्ही विहिरींची पाणीपातळी एकाच खुणेपासून मोजली तर दिशा कळेल का? की भूजल सर्वेक्षणवाल्यांनाच बोलवावं?

नमुना घेताना पंच लागतात का, आणि खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळ ग्राह्य धरतं का, हे ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा. मेथीचे वाफे तयार आहेत, या पाण्यावर बी टाकायला आईचा हात धजत नाहीये.