बेटाभोवती भाड्याची शिडाची बोट : आपले अनुभव लिहावेत

पुढच्या वर्षी आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्ताने आम्ही घरचे आठ जण थायलंडमधल्या फुकेत बेटाच्या आसपास चार दिवस शिडाची बोट भाड्याने घेण्याच्या विचारात आहोत. आम्हा बेळगावकरांचा समुद्र चोर्ला घाट उतरल्यावर सुरू होतो आणि बोट म्हणजे मांडवीवरची संध्याकाळची फेरी. बोटीवरच खाणे, निजणे आणि आंघोळ कशी असते, याची घरात कोणालाही कल्पना नाही. सीमाभागातल्या ज्यांनी अशी बोट घेतली असेल, त्यांनी घडले ते सविस्तर लिहावे. माहितीपत्रके आमच्याकडे पुष्कळ आहेत, तेव्हा सूर्यास्ताचे वर्णन वगळले तरी चालेल.

निपाणी

आम्ही फुकेतला जुलैत गेलो, कारण तंबाखूच्या व्यापाराची धांदल संपल्यावर आम्हाला तेव्हाच सवड मिळते, शिवाय भाडेही हंगामापेक्षा बरेच कमी होते. ते कमी का होते, हे तिथे गेल्यावर कळले. नैर्ऋत्य मोसमी वारा तिकडेही साधारण मे ते ऑक्टोबर वाहतो आणि त्या दिवसांत बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहण्यास मनाई करणारे लाल बावटे लागलेले असतात. कप्तानाने पहिल्याच सकाळी फी फी बेटांचा बेत रद्द केला. आमच्या मेहुण्यांनी भरलेल्या पैशांचा हिशेब त्याच्यापुढे मांडून पाहिला, पण तो नम्रपणे हसत राहिला आणि बोट पूर्वेकडे फांग न्गाच्या उपसागरात घेऊन गेला. फुकेत बेटच वाऱ्याला आडवे येत असल्यामुळे तिथले पाणी तळ्यासारखे निवांत होते.

एक गोष्ट आधीच सांगतो, या उपसागराचे पाणी निळे नाही. भोवती खारफुटी आणि तळाशी गाळ असल्यामुळे ते शेवाळी हिरवे दिसते आणि मासे पाहण्याची हौस तिथे भागत नाही. मात्र पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके आणि त्यांच्या पोटातली उघड्या आभाळाची तळी मी विसरणार नाही. त्या तळ्यांत गुहेतून लहान होडीने शिरावे लागते. भरती पुरती चढली की गुहेचे छत पाण्याला टेकते, पुरती ओसरली की होडी चिखलात रुतते, म्हणून मधला थोडा वेळच हाती लागतो. एके दिवशी आमची न्याहारी पहाटे साडेपाचला उरकली ती याच हिशेबाने.

फी फीच्या माया बेचा आग्रह धरणाऱ्यांसाठी एवढेच की, ती खाडी जून २०१८ मध्ये बंद करून जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडली आणि तेव्हापासून बोटी आत नेता येत नाहीत. बेटाच्या मागच्या बाजूला उतरून चालत जावे लागते.

कारवार

निपाणीच्या मंडळींचा कप्तान शहाणा होता. आमच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या मवाळ भरतीला भांग. तिकीट काढण्याआधी पंचांग उघडून तिथी पाहावी, असा माझा सल्ला आहे, आणि तो मी स्वतः पाळला नाही.

आम्ही मलेशियातल्या लंकावी बेटावर कप्तानाविना बोट घेतली होती. याला बेअरबोट म्हणतात आणि त्यासाठी निदान एकाजवळ बोट चालवण्याचा दाखला किंवा पुरेसा अनुभव असावा लागतो. आमच्यात तो पुतण्याजवळ होता. अनामत रक्कम घेतली जाते आणि ताबा देताना दोरापासून चमच्यापर्यंत प्रत्येक वस्तूची यादी तपासून सही घेतात. ही यादी कंटाळा न करता वाचावी. आम्ही घाई केली आणि लहान होडीच्या इंजिनावरचा जुना ओरखडा परतताना आमच्या नावावर चढला.

खरी फजिती मात्र तिसऱ्या रात्री झाली. संध्याकाळी ओहोटीला नांगर टाकला तेव्हा खाली चार मीटर पाणी होते, म्हणून खोलीच्या पाचपट या नियमाने मी वीस मीटर साखळी सोडली आणि समाधानाने झोपलो. रात्र पौर्णिमेची होती. पाणी अडीच मीटर चढले, बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक मीटर धरली तर साखळी जेमतेम पावणेतीन पट उरली, आणि दोनच्या सुमारास कोळ्यांच्या आरोळीने जाग आली तेव्हा आमची बोट नांगर ओढत त्यांच्या जाळ्यांकडे निघाली होती. पाचपट मोजायची ती भरतीच्या पाण्याची, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. काळी नदीच्या मुखाशी वाढलेल्या माणसाने हे लिहायला लाज वाटते.

शहापूर, बेळगाव

आमचा अनुभव सेशेल्सचा आहे. कप्तान आणि स्वयंपाकी असलेली दोन सांगाड्यांची कॅटामरान आम्ही ऑगस्टमध्ये घेतली. त्या महिन्यांत तिथे आग्नेयेकडून जोरदार व्यापारी वारे वाहतात, आणि माहे बेटाहून प्रालँ बेटाला जाताना उघड्या समुद्रात यजमानांसह चौघे आडवे झाले. गोळी निघण्यापूर्वी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. प्रालँच्या वायव्येला आन्स लाझियोच्या आडोशाला पोहोचल्यावर सगळे पुन्हा माणसांत आले.

पाण्याच्या टाकीवर तिथे सर्वांचे लक्ष असते. नळाला दिवसाआड पाणी येण्याची सवय असल्यामुळे आम्हाला त्याचे काही वाटले नाही. स्वयंपाकीणबाई उलट आमचे कौतुक करत होत्या. लाटांवर गॅस पेटवणे नकोसे होते, तेव्हा बरोबर नेलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीने दोन दिवस तारले. संडासात कागदसुद्धा टाकायचा नसतो, हे वडीलधाऱ्यांना पहिल्याच दिवशी न लाजता सांगावे.

प्रालँच्या व्हॅले द माय या जंगलात दर्याई नारळाची झाडे पाहिली. फकिराच्या हातातला काळा कमंडलू त्याच्याच करवंटीचा असतो, हे आमच्या सासूबाईंनी तिथल्या वाटाड्याला सांगितले.

खानापूर

मी परदेशी बेटावर गेलेलो नाही, तरी गोव्यात शीड हाताळण्याचे प्राथमिक शिक्षण घेतले आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचे नाव ‘म्हादेई’. त्या नावाची नदी आमच्याच तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावते. म्हणून आम्हाला समुद्र परका म्हणू नये! चार दिवसांच्या सहलीपूर्वी एक दिवस गोव्यात छोट्या शिडाच्या होडीत बसून पाहावे. कोणाला मळमळते ते आपल्याच गावाजवळ कळेल.

धागाकर्ता, बेळगाव

सर्वांचे आभार. आमचा बेत मे महिन्याचा होता, तो आता जानेवारीत हलवला आहे आणि तारखा कारवारच्या काकांच्या सांगण्याप्रमाणे अष्टमीच्या आसपास धरल्या आहेत. कप्तान घेणार आहोत. गोव्याच्या चाचणीला वडील तयार आहेत. आई मात्र म्हणते, मळमळले तर मी फुकेतला किनाऱ्यावरच राहीन आणि तुम्ही सात जण जा.