कॉलेज फुटबॉल प्रशिक्षकांचे करार: खरा पैसा बोनसमध्ये की करार मोडण्याच्या कलमांत?

शोधयात्री (प्रश्न)

नमस्कार. अमेरिकेतील विद्यापीठांच्या ‘अमेरिकन फुटबॉल’ संघांचे मुख्य प्रशिक्षक आणि त्यांचे करार यांविषयी मी सध्या वाचत आहे, आणि एका प्रकरणापाशी येऊन अडलो आहे. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना पदावरून दूर केले, तेही संघाने मिसिसिपी स्टेटचा ५१-१० असा धुव्वा उडवल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यांचे काम थांबले, पण विद्यापीठाच्या डोक्यावर साडेसात कोटी डॉलरांहून अधिक देणे राहिले. त्यातील सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर साठ दिवसांच्या आत द्यायचे आणि पुढे २०३१ पर्यंत दर वर्षी सुमारे ७२ लाख डॉलर देत राहायचे, असे ठरलेले होते.

या क्षेत्रात मोबदला कामगिरीशी जोडलेला असतो, विजेतेपदांसाठी बोनस असतात, असे मी सगळीकडे वाचतो. मग अपेक्षित कामगिरी झाली नाही म्हणून ज्याला काढले, त्यालाच एवढी रक्कम कशी मिळते? या करारांची रचना मुळात कशी असते आणि त्यातील बोनसला खरोखर काही वजन असते का, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

जमाखर्च

आधी रचना सांगतो, कारण वर्तमानपत्रांत जो वार्षिक आकडा छापून येतो तो एकसंध पगार नसतो. करारात ‘मूळ वेतन’ म्हणून लिहिलेली रक्कम अनेकदा काही लाख डॉलरच असते आणि विद्यापीठाच्या नोकरीतील नेहमीचे लाभ बहुधा तिच्याशी बांधलेले असतात. मोठा वाटा ‘पूरक मोबदला’ या नावाखाली येतो. संघाच्या रेडिओ व दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील सहभाग, देणगीदारांच्या मेळाव्यांना हजेरी, कपडे व बूट पुरवणाऱ्या कंपनीच्या जाहिराती, प्रशिक्षकाचे नाव व छायाचित्र वापरण्याचा हक्क अशा कामांपोटी तो दिल्याचे दाखवतात. प्रत्यक्षात प्रशिक्षक रेडिओवर किती वेळ बोलला यावर ही रक्कम हलत नाही, त्यामुळे तिला हमखास पगारच समजायला हरकत नाही.

याच्यावर टिकून राहण्याचा बोनस असतो, म्हणजे ठरावीक तारखेला पदावर असलात तर अमुक रक्कम. इंडियाना विद्यापीठाने २०२४ मध्ये कर्ट सिग्नेटी यांच्याशी केलेल्या करारात असा वार्षिक दहा लाख डॉलरचा बोनस होता. मोटार, क्लबचे सदस्यत्व, सामन्यांची तिकिटे, खासगी विमानाचे ठरावीक तास या सवलती मोठ्या रकमांपुढे किरकोळ आहेत. जिम हार्बॉ यांच्यासाठी मिशिगन विद्यापीठाने २०१६ मध्ये केलेली व्यवस्था मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या आयुर्विम्याचे हप्ते भरण्यासाठी विद्यापीठाने कर्जाऊ रक्कम दिली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर विम्याच्या रकमेतून विद्यापीठाला परत मिळेल, असे ठरले.

आता बोनसविषयी. परिषदेचे (म्हणजे आपल्या विद्यापीठगटाच्या स्पर्धेचे) विजेतेपद, प्लेऑफमधील (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीतील) प्रवेश, राष्ट्रीय विजेतेपद, हंगामाअखेरची क्रमवारी, वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार अशा पायऱ्या ठरवलेल्या असतात. खेळाडूंच्या शैक्षणिक प्रगतीसाठीही बोनस असतो. एनसीएए ही विद्यापीठीय खेळांची राष्ट्रीय नियामक संस्था प्रत्येक संघाला शैक्षणिक प्रगतीचे हजारपैकी गुण देते, ९३० च्या खाली घसरलेल्या संघाला हंगामोत्तर सामन्यांना मुकावे लागू शकते, आणि अनेक करारांतला शैक्षणिक बोनस याच गुणांवर किंवा पदवी पूर्ण करणाऱ्या खेळाडूंच्या प्रमाणावर ठरतो. परंतु एखाद्या विद्यापीठाचा करार हाती घेऊन प्लेऑफपुढची रक्कम आणि वर्गातील प्रगतीपुढची रक्कम शेजारी शेजारी ठेवून पाहा. दुसरी बहुधा कितीतरी लहान असते, आणि शिक्षणसंस्थेच्या करारात असे असावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

एकूण मोबदल्याच्या तुलनेत हे सारे बोनस छोटे आहेत. वर्षाला नव्वद लाख किंवा एक कोटी डॉलर हमखास मिळणाऱ्या माणसाला विजेतेपदासाठी आणखी पाच-दहा लाखांचे आमिष दाखवल्याने तो अधिक झटून काम करील, असे मला वाटत नाही. काही बोनस तर बोनस म्हणण्याच्या लायकीचेही नसतात. ब्रायन केली यांच्या लुइझियाना स्टेटबरोबरच्या २०२१ मधील करारात संघ केवळ ‘बोल’ या हंगामोत्तर सामन्यासाठी पात्र ठरला तरी पाच लाख डॉलर मिळणार होते, आणि त्यासाठी बारापैकी सहा सामने जिंकणे पुरते.

कलम_दहा

जमाखर्च यांनी सांगितलेली रचना योग्यच आहे, पण मूळ प्रश्नाचे उत्तर करारसमाप्तीच्या कलमांत आहे. माझ्या मते हे करार वाचायला शेवटाकडूनच सुरुवात करावी.

‘सकारण’ आणि ‘विनाकारण’ हा सर्वांत महत्त्वाचा भेद. एनसीएएच्या नियमांचा गंभीर भंग, गुन्हा, नैतिक अधःपतन, कराराचे ठळक उल्लंघन यांपैकी काही घडले तर विद्यापीठ सकारण काढू शकते आणि मग पुढचे काही देणे लागत नाही. सामने हरणे हे या यादीत नसते. म्हणून संघ कितीही वाईट खेळला तरी कायद्याच्या दृष्टीने प्रशिक्षकाला विनाकारण काढले असे होते, आणि उरलेल्या वर्षांची ठरलेली रक्कम द्यावी लागते. बायआउट म्हणतात तो हाच. काही करारांत ती उरलेल्या वेतनाच्या ठरावीक टक्क्यांइतकी असते, काहींत दर वर्षी कमी होत जाणारा निश्चित आकडा असतो. फिशर यांच्या करारात उरलेला जवळजवळ सगळाच पैसा हमखास होता.

सकारण की विनाकारण, यावर किती पैसा अडकलेला असतो ते मिशिगन स्टेटच्या प्रकरणात दिसले. मेल टकर यांना २०२१ मध्ये दहा वर्षांचा साडेनऊ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारीच्या संदर्भात विद्यापीठाने त्यांना सकारण काढले, तेव्हा करारातील सुमारे आठ कोटी डॉलर शिल्लक होते. टकर यांनी आरोप नाकारले आणि वाद न्यायालयात गेला. विद्यापीठाची बाजू करारातील दोन-चार वाक्यांवर उभी होती. नैतिक अधःपतन आणि विद्यापीठाची नाचक्की होईल असे वर्तन यांविषयीची ही वाक्ये करारावर सही करताना सहसा कोणी दोनदा वाचत नाही.

बायआउटची तारीखही तितकीच महत्त्वाची असते. नेब्रास्काने स्कॉट फ्रॉस्ट यांना ११ सप्टेंबर २०२२ रोजी, जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असा पराभव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काढले. १ ऑक्टोबरला त्यांची बायआउट रक्कम १ कोटी ५० लाखांवरून ७५ लाख डॉलरवर उतरणार होती. तीन आठवड्यांपेक्षाही कमी काळ थांबले असते तर निम्मे पैसे वाचले असते, हे विद्यापीठाला पक्के ठाऊक होते. तरीही त्यांनी थांबायचे नाही असे ठरवले.

दुसरे कलम, ज्याच्याकडे दुर्लक्ष होते, ते नवीन नोकरीचे. अनेक करारांत काढलेल्या प्रशिक्षकाने तशाच कामाचा प्रामाणिकपणे शोध घ्यावा आणि तिथे मिळणारा पगार जुन्या विद्यापीठाच्या देण्यातून वजा व्हावा, असे लिहिलेले असते. आर्कान्सासने २०१७ मध्ये ब्रेट बिएलेमा यांना काढले तेव्हा त्यांच्या बायआउटला ही अट होती. ते न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघात तुलनेने अगदी कमी पगारावर रुजू झाले. चांगल्या पगाराची नोकरी त्यांनी प्रामाणिकपणे शोधलीच नाही, असे म्हणत विद्यापीठाशी संलग्न निधीसंस्थेने पुढील हप्ते थांबवले. २०२० मध्ये बिएलेमा न्यायालयात गेले आणि नंतर तडजोड झाली. फिशर यांच्या करारात ही अट नव्हती. ते उद्या दुसरीकडे रुजू झाले असते तरी टेक्सस ए अँड एमचे देणे एका डॉलरनेही घटले नसते.

ही कलमे दोन्ही बाजूंना लागू पडतात. प्रशिक्षक मुदतीआधी सोडून गेला तर त्यानेही पैसे भरायचे असतात. रिच रॉड्रिग्झ २००७ च्या अखेरीस वेस्ट व्हर्जिनिया सोडून मिशिगनला गेले, तेव्हा करारातील ४० लाख डॉलरवरून खटला उभा राहिला. अखेर २५ लाख मिशिगनने आणि १५ लाख रॉड्रिग्झ यांनी भरले. त्याआधी व्हँडरबिल्ट विद्यापीठ आणि ते सोडून गेलेले प्रशिक्षक गेरी डिनार्डो यांच्या खटल्यात सहाव्या सर्किटच्या (संघीय न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने १९९९ मध्ये असे कलम हा दंड नसून आधीच ठरवलेली वाजवी नुकसानभरपाई आहे, असे मानले. प्रशिक्षक गेल्यावर विद्यापीठाचे नुकसान नव्या माणसाच्या पगारापुरते नसते, तर संपूर्ण संघाचे स्थैर्य जाते, हा त्यामागचा विचार होता, आणि तो मला पटतो.

शोधयात्री

आपणां दोघांचेही आभार. आता माझा गोंधळ दुसरीकडे सरकला आहे. विद्यापीठाकडे स्वतःचे वकील असतात, कलमे वाचता येतात, फिशर यांच्यासारखी उदाहरणे समोर असतात. तरी ती नवीन नोकरीची अट न घालता दहा वर्षांची हमी का देतात? आणि सर्व विद्यापीठे मिळून वेतनावर मर्यादा का घालत नाहीत?

मैत्रेयी

मर्यादेचे उत्तर सोपे आहे: कायद्याने ती घालता येत नाही. एनसीएएने एकदा तो प्रयत्न केला होता. खालच्या पायरीवरील काही सहायक प्रशिक्षकांचे वेतन वर्षाला १६,००० डॉलरपुरते मर्यादित करणारा नियम १९९० च्या दशकाच्या आरंभी आला. दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९९८ मध्ये तो स्पर्धाविरोधी ठरवला, आणि पुढच्याच वर्षी ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांनी संगनमताने वेतन गोठवू नये, हा निकालाचा गाभा आहे.

आधीचा प्रश्न अधिक कठीण आहे. कराराची उरलेली वर्षे हे खेळाडू मिळवण्याचे साधन बनले आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना प्रतिस्पर्धी संघ सांगतो, की त्या प्रशिक्षकाची दोनच वर्षे उरली आहेत, तुमचा मुलगा तिसऱ्या वर्षात जाईल तेव्हा तो तिथे नसेल. त्यामुळे संघ बरा खेळत असला की मुदत वाढवून द्यावी लागते. वाटाघाटीचा हंगामही विद्यापीठाच्या सोयीचा नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकाच वेळी अनेक पदे रिकामी होतात, आणि जिमी सेक्स्टन यांच्यासारखा एकच एजंट त्यांतील अनेक नामवंत प्रशिक्षकांच्या वतीने बोलत असतो. फिशर हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यांचा २०१७ मधील मूळ करारच दहा वर्षांचा व साडेसात कोटी डॉलरचा होता. २०२० मध्ये संघाने दहापैकी नऊ सामने जिंकले, लगेच २०२१ मध्ये मुदत २०३१ पर्यंत वाढवली गेली, आणि २०२२ मध्ये संघाला बारापैकी पाचच सामने जिंकता आले. साडेसात कोटींचे देणे उभे राहिले ते या मुदतवाढीमुळे.

शिवाय पैसा कोणाच्या खिशातून जातो हे पाहायला हवे. बायआउटचा मोठा भाग क्रीडा विभागाचे उत्पन्न आणि धनाढ्य देणगीदार यांतून उभा राहतो. करार ठरवणाऱ्या क्रीडा संचालकाला तो स्वतःच्या खिशातून भरायचा नसतो, आणि बऱ्याचदा बायआउट देण्याची वेळ येईपर्यंत तो संचालकही बदललेला असतो.

जमाखर्च यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. बोनसला कधीच वजन नसते असे नाही, हमखास भाग लहान केला तर ते येते. मिशिगनने २०२० मध्ये सहापैकी दोनच सामने जिंकले. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये हार्बॉ यांनी नवा करार स्वीकारला, ज्यात मूळचे सुमारे ८० लाखांचे वेतन निम्म्यावर आले, पण बिग टेन या मिशिगनच्या परिषदेच्या विजेतेपदासाठी १० लाख, प्लेऑफ प्रवेशासाठी ५ लाख आणि राष्ट्रीय विजेतेपदासाठी १० लाख डॉलर ठेवले गेले. त्याच हंगामात त्यांनी बिग टेन जिंकले आणि बोनसची रक्कम महामारीत पगारकपात सोसलेल्या क्रीडा विभागातील कर्मचाऱ्यांना दिली. बोनसमुळेच ते जिंकले असे मी म्हणणार नाही. परंतु जोखीम दोघांत वाटून घेणारा करार करता येतो, हे तरी यातून सिद्ध होते.

जमाखर्च

मैत्रेयी, आपला मुद्दा मान्य. हमखास रक्कम लहान असेल तर हिशेब बदलतो. एक गोष्ट मात्र जोडतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये हार्बॉ यांना पुन्हा नवा करार मिळाला आणि वार्षिक वेतन ७० लाखांच्या वर गेले. जोखमीचा करार टिकला तो एकच हंगाम, कारण यश मिळताच बाजारभावाने हमी मागण्याची ताकद प्रशिक्षकाकडे परत आली.

कलम_दहा

नवीन नोकरीची अट काय वाचवू शकते, याचे ताजे उदाहरण देतो. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढले तेव्हा देणे सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरचे होते. पुढच्याच महिन्यात ते व्हर्जिनिया टेकमध्ये रुजू झाले आणि प्रकरण सुमारे ९० लाखांवर मिटले. त्याच वर्षापासून विद्यापीठांना आपल्या सर्व खेळाडूंमध्ये मिळून ठरावीक मर्यादेपर्यंत (२०२५-२६ साठी २ कोटी ५ लाख डॉलर) रक्कम थेट वाटण्याची मुभा मिळाली आहे. त्यामुळे घरी बसलेल्या प्रशिक्षकाला जाणारा प्रत्येक हप्ता आता खेळाडूंना देता आला असता अशा पैशांतून जातो. क्रीडा संचालकांनी पुढील करारावर सही करताना ही अट सोडू नये, असे मला ठामपणे वाटते.